बैलाचा मागचा पाय सकाळी आखडतो, आणि मुळात त्याचा गुडघा असतो कुठं?

तापीकाठचा
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात शेती आहे, ट्रॅक्टर भाड्यानं लावतो पण कोळपणीला आणि दादर (रब्बी ज्वारी) पेरायला एक जोडी अजून ठेवलीय. डावा बैल सहादाती, अंगानं भरलेला, खायला-प्यायला काही तक्रार नाही. पोळा झाल्यापासून त्याचं नवीनच सुरू झालंय, सकाळी दावणीवरून सोडला की मागचा उजवा पाय मागच्या मागे ताठ राहतो, वाकतच नाही, खुराचं टोक जमिनीवर घासत ओढतो आणि थोडं चालला की एकदम झटका देऊन पाय उचलतो, मग दुपारपर्यंत तुम्ही ओळखणार नाही की याला काही झालं होतं. सूज नाही, गरम लागत नाही, खुरात काटा-खिळा पाहिला, काही नाही.

शेजारचे नाना म्हणतात वाटी चढलीय, तापल्या लोखंडाचा डाग द्या. मेडिकलवाल्यानं कॅल्शियमचा कॅन दिला. मेहुणा म्हणतो खुबा निखळला. आणि माझी पोरगी आठवीत आहे, तिनं भलताच प्रश्न काढला, पप्पा वाटी गुडघ्यात असते ना, मग बैलाचा गुडघा तर उलटा आहे, मागं वाकतो, तिथं वाटी कुठं आहे दाखवा. मी हात फिरवला, वाटीबिटी काही लागत नाही, मागं नुसतं टोकदार हाड. तर दोन प्रश्न आहेत, पाय का आखडतो आणि गुडघा नेमका कुठं?

अहिराणी_भो
भो, बैलना गुडघा नंतर देखा, पहिले आपला देखा, पन्नाशीना नंतर तोबी उलटा वाकस :)

गोठा_डॉक्टर
पोरगी बरोबर अडली. तुम्ही तिला जिथं हात लावून दाखवलं तो घोटा आहे आणि मागचं टोकदार हाड म्हणजे टाच. गाय, बैल, म्हैस, शेळी, घोडा हे सगळे बोटांच्या शेंड्यावर उभे असतात, खूर म्हणजे नख, त्यामुळं टाच जमिनीपासून एवढी वर गेलेली दिसते. खरा गुडघा त्याच्या बराच वर, मांडी आणि पोट यांच्यामध्ये कातडीची घडी असते ना, तिथं पुढच्या बाजूनं चाचपा. गोलसर कडक हाड लागेल, हाताखाली किंचित हलेल, ती वाटी. आणि हा गुडघा आपल्यासारखाच पुढं वाकतो.

पुढच्या पायात आपण सगळे ज्याला गुडघा म्हणतो ते बैलाचं मनगट. कोपर छातीला लागून असतं. मनगटाच्या खालची नळी म्हणजे आपल्या तळहातातली मधल्या बोटाची आणि अनामिकेची अशी दोन हाडं जुळून झालेली, वासरू पोटात असताना ती वेगवेगळी असतात, पुढं एकजीव होतात. नळीखाली दोन बोटं, दोन खूर. मागच्या बाजूला वर ज्या दोन खुरट्या लोंबतात ती उरलेली दोन बोटं. अंगठ्याचा पत्ताच नाही.

आता तुमचा बैल. नानांचं निदान बरोबर वाटतंय, उपाय चुकीचा आहे. वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या खाचेत वरखाली सरकते आणि तिला नडगीच्या हाडाशी बांधणारे तीन पट्टे असतात, आतला, मधला, बाहेरचा. पाय मागं ताणला गेला की कधीकधी आतला पट्टा मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावर जाऊन अडकतो. अडकला की गुडघा वाकत नाही, आणि गुडघा वाकत नाही म्हणून घोटाही वाकत नाही, कारण बैलाच्या मागच्या पायात हे दोन सांधे एकमेकांशी बांधलेले असतात. मग पाय ताठ, खूर घासत. बैल जोर लावतो, पट्टा निसटतो, तोच झटका. सकाळी जास्त, थंडीत जास्त, चालून अंग मोकळं झालं की कमी, हे अगदी नेहमीचं वर्णन आहे.

खुबा निखळला असता तर दुपारी बैल नीट चाललाच नसता. तरी न पाहता शिक्का मारत नाही, जवळच्या दवाखान्यात दाखवा नाहीतर १९६२ ला फोन करा, फिरतं पथक येतं. तोवर जुंपू नका.

तापीकाठचा
डॉक्टर साहेब आत्ता गोठ्यात जाऊन आलो. लागली वाटी! पोरीनंही हात लावून पाहिला. दादर पेरायची वेळ तोंडावर आलीय हीच पंचाईत.

यावलचा_केळीवाला
डॉक्टर साहेब रागावू नका पण आमच्याकडं आजोबा डाग द्यायचे, मी स्वतः पाहिलंय, महिनाभरात बैल चालायला लागायचा आणि पुढं कितीतरी वर्षं औत ओढलं त्यानं. एवढ्या वर्षांचा अनुभव काय खोटा म्हणायचा का, उगाच पुस्तकातलं सगळं खरं नसतं.

गोठा_डॉक्टर
रागावत नाही भाऊ. आजोबांनी डाग दिला की त्यानंतर बैलाला काय करायचे? जखम भरेपर्यंत जुंपायचे नाहीत, बसवून खाऊ घालायचे. नवीन दुखणं असेल तर काही जनावरं नुसत्या आरामानं आणि अंग भरल्यानं सुधारतात, मांडीचे स्नायू ताकदीचे झाले की वाटी जागेवर राहते. श्रेय डागाला गेलं. कातडी जाळून आतला पट्टा सैल होत नाही, जखमेत किडे मात्र पडतात, आणि जनावराला चटका देणं ही क्रूरता आहे ते वेगळंच.

यावलचा_केळीवाला
बसवून खाऊ घालायचे हे खरं आहे. डागाचं माझं मत राखून ठेवतो.

शहादेकर
मजा आहे, जी गोष्ट बैलात रोग, तीच घोड्यात सोय. दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जातो (घोडे घेत नाही, घ्यायची ऐपत नाही, बघतो फक्त), तिथं रात्री घोडे उभ्याउभ्या डुलक्या घेताना दिसतात, एक मागचा पाय सैल सोडलेला आणि दुसऱ्यावर सगळा भार. एका जुन्या व्यापाऱ्यानं सांगितलं की घोडा वाटीला कुलूप लावतो. तेव्हा थट्टा वाटली होती.

गोठा_डॉक्टर
व्यापारी बरोबर बोलला. घोडा तोच आतला पट्टा त्याच उंचवट्यावर मुद्दाम अडकवतो, पाय जवळजवळ फुकटात उभा राहतो, आणि हवं तेव्हा सोडवतो. कधीकधी घोड्यालाही सोडवता येत नाही, तेव्हा तो रोग. पण गाढ झोपेसाठी घोड्यालाही आडवं व्हावंच लागतं.

पुण्यातली_खान्देशी
माझं माहेर पारोळ्याचं पण गोठ्याशी संबंध फक्त सुट्टीतला, त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तर हसा. गाय पण उभ्यानं झोपते ना? आणि दुसरं, मागच्या वर्षी काकांच्या गायीनं तोंड उघडलं तर वरचे पुढचे दात नव्हतेच, मी काकांना म्हटलं गाय म्हातारी झाली, दात पडले, तर सगळं घर अजून मला त्यावरून चिडवतं.

सावद्याचा_बाजारकर
ताई तुम्हाला बाजारात एकटं पाठवू नका म्हणावं, व्यापाऱ्यांची दिवाळी होईल :D

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी कोणालाच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, जन्मापासून नसतात. तिथं कडक हिरडी असते. खाली पुढं आठ दात, त्यावरूनच वय. सगळे दुधाचे असतील तर आदत. साधारण दोन वर्षांच्या पुढं मधली जोडी पडून मोठे दोन येतात ते दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि चार-साडेचार वर्षांच्या आसपास आठही आले की जुळला. जुळल्यानंतर वय सांगणारा अंदाजानंच सांगतो, दात किती झिजले, फटी किती पडल्या यावरून. दात घासून जनावर तरुण दाखवणारे महाभाग आहेत, म्हणून मी दातांबरोबर शिंगाची वळी, डोळ्यावरचे खड्डे आणि चाल बघतो. धागाकर्त्यांचा बैल सहादाती म्हणजे साडेतीनच्या पुढंमागं, पोरगं आहे अजून.

मास्तर_अमळनेर
दात हाडांत मोजत नाहीत एवढं नोंदवतो आणि पुढं जातो, मास्तर आहे, राहवत नाही.

विषय निघालाच आहे तर पोरीला सांगण्यासारखं एक. गायीच्या मानेत ७ मणके, शेळीच्या ७, घोड्याच्या ७, तुमच्या-माझ्या मानेत ७ आणि जिराफाच्याही ७. मणका लांब होतो, संख्या वाढत नाही. सस्तन प्राण्यांत अपवाद अगदी मोजके. पाठीत मात्र फरक पडतो, गायीला बरगड्यांच्या १३ जोड्या, घोड्याला १८, डुकराला १४ किंवा १५, माणसाला १२. गायीच्या १३ पैकी पहिल्या ८ खाली छातीच्या हाडाला जाऊन भिडतात, मागच्या ५ नाहीत. एकूण हाडं किती हे जनावरागणिक थोडं बदलतं, कारण शेपटीचे मणके सगळ्यांना सारखे नसतात.

आणि पोरांना सगळ्यात आवडणारं हे, बैलाच्या काळजातही हाड असतं. थट्टा नाही, मुख्य रक्तवाहिनी जिथून निघते तिथं हृदयाच्या भिंतीत लहानसं हाड असतं.

अहिराणी_भो
सर काळीजमा हाड बैलले शे, आणि बठ्ठी टीका दात-हाड वर तुमीन करतस. मास्तर लोकेसना काळीजमा बी हाड ऱ्हास वाटस, आमना येळले छडीना मार खाईसन समजनं :)

पुण्यातली_खान्देशी
😂 पण माझा झोपेचा प्रश्न राहिला.

गोठा_डॉक्टर
ताई, गाय बसून झोपते आणि दिवसातला बराच वेळ बसूनच असते, रवंथही बसून. उठताना बघा, गाय आधी मागचा भाग उचलते, पुढच्या मनगटांवर टेकून, मान पुढं झोकते, मग पुढचे पाय. घोडा उलटा, आधी पुढचे पाय. म्हणून गायीच्या समोर मान झोकायला जागा लागते. दावं आखूड आणि समोर भिंत असली की तिला उठताच येत नाही नीट, आणि लोक म्हणतात कंबरेत अधू झाली.

दूधवाला_एरंडोल
डॉक्टर साहेब मूळ पोस्टीत कॅल्शियमचा कॅन आलाय त्यावर कोणी बोललं नाही. माझ्याकडं संकरित गायी आहेत, मी गाभण गायीला शेवटच्या महिन्यात रोज कॅल्शियम पाजतो म्हणजे हाडं भक्कम राहतील आणि विल्यावर गाय बसणार नाही. तरी मागच्या वेताला एक बसलीच. डोस कमी पडतो का, वाढवू का?

गोठा_डॉक्टर
वाढवू नका, बंद करा. हे जरा सविस्तर लिहितो कारण अर्ध्या जिल्ह्यात हेच चालतं.

शरीरातलं जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडात असतं. साठा प्रचंड आहे. प्रश्न साठ्याचा येत नाही, तो वेळेवर बाहेर काढण्याचा येतो. एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम जातं, चिकात त्याच्या दुप्पटीच्या आसपास. विल्याबरोबर ही मागणी एकदम सुरू होते. हाडातून कॅल्शियम काढणारी आणि आतड्यातून शोषणारी यंत्रणा हार्मोनवर चालते आणि तिला जागं व्हायला काही दिवस लागतात. शेवटच्या महिन्यात तुम्ही बाहेरून भरपूर पाजलं तर ती यंत्रणा झोपूनच राहते, गरजच नाही तर कशाला काम करेल. गाय विते, कॅन बंद होतो नाहीतर कमी पडतो, रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली, गाय मान पोटाकडं वळवून बसते, अंग थंड. तो दुग्धज्वर, नावात ज्वर आहे पण ताप नसतो. बहुतेकदा विल्यानंतरच्या तीन दिवसांत, आणि तिसऱ्या वेतापुढच्या जास्त दुधाच्या गायीत अधिक, कारण वयाबरोबर हाड कॅल्शियम सोडायला नाखूश होतं.

म्हणून भाकडकाळात शेवटी कॅल्शियम जपून, विताना आणि विल्यावर द्या. गाय बसली तर शिरेतून द्यायचं सलाईन डॉक्टरकडूनच, हळूहळू. घाईनं दिलं तर हृदय थांबतं, हे घरी करायचं काम नाही.

आणि तापीकाठच्या बैलाला कॅनचा काही उपयोग नाही. त्याची वाटी अडकतेय.

दूधवाला_एरंडोल
असं असेल तर खनिज मिश्रण देऊ का नको? आमच्या गाया दावणीचं लाकूड चघळतात, एक तर उकिरड्यावरची हाडं तोंडात घेऊन फिरते, लाज वाटते पाहुण्यांसमोर.

गोठा_डॉक्टर
खनिज मिश्रण द्या, मोठ्या जनावराला रोज साधारण ५० ग्रॅम. हाड चघळणं हे बऱ्याचदा फॉस्फरस कमी पडल्याचं लक्षण. शरीरातला ८० टक्क्यांहून जास्त फॉस्फरस हाडात असतो आणि नुसता वाळलेला कडबा, उसाचं वाढं, केळीचा पाला यावर तो भागत नाही. ढेप, कोंडा यात असतो. हाडं मात्र तोंडातून काढून घ्याच, मेलेल्या जनावराच्या हाडा-मांसातून एक जीवघेणं विष पोटात जाऊ शकतं, जनावर लुळं पडतं आणि सहसा वाचत नाही. जंताचं औषधही बघा एकदा.

नवापूरचा_पोल्ट्रीवाला
हाडातून कॅल्शियम काढण्यात आमची कोंबडी तुमच्या गायीच्या बापाला ऐकणार नाही. एका अंड्याच्या टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम, जवळपास रोज, आणि कोंबडीचं वजन ते काय दीड-पावणेदोन किलो. अंड्यावर यायच्या आधी तिच्या मांडी-नडगीच्या पोकळीत खास वेगळं हाड तयार होतं, फक्त साठवण म्हणून. टरफल बनतं रात्री, तेव्हा खाणं बंद असतं, म्हणून ती त्या साठ्यातून घेते. आम्ही शिंपल्याचा चुरा संध्याकाळच्या खाद्यात मोठ्या कणांचा देतो तो त्यासाठीच, रात्रभर हळूहळू विरघळतो. कमी पडलं की आधी टरफल पातळ आणि मग कोंबडी पायावर उभी राहत नाही, पिंजऱ्यातली जुनी कोंबडी पकडताना हाड हातात मोडतं.

पंखाच्या खांद्याजवळच्या हाडात हवा असते हे पण सांगून टाकतो, फुप्फुसाशी जोडलेली. मान १४ मणक्यांची, मास्तरांचा ७ चा नियम आमच्याकडं चालत नाही.

मास्तर_अमळनेर
पक्षी सस्तन नाहीत. नियम शाबूत आहे. पुढचा विद्यार्थी.

साक्रीचा_शेळीवाला
आमच्याकडं हाडं मोडण्याचंच काम जास्त. शेळ्या कुठंही चढतात, बांधाच्या दगडात पाय अडकतो, नळी मोडते. आमच्या भागातला हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून कांडवेल वाटून लावतो, तीन-चार आठवड्यांत शेळी पळते. प्लास्टरला दवाखान्यात न्यायचं म्हणजे शेळीच्या किमतीपेक्षा भाडं जास्त. डॉक्टर साहेब तुमचं मत काय, मला माहितीये तुम्ही नाही म्हणणार.

गोठा_डॉक्टर
सगळ्याला नाही म्हणणार नाही. शेळीचं आणि वासराचं वजन कमी, हाड कोवळं, म्हणून मनगटाखालची किंवा घोट्याखालची नळी मोडली आणि कातडी फाटली नसेल तर सरळ रेषेत नीट बांधलेल्या कामट्यांनीही जुळते. कांडवेलीवर अभ्यासही झालेत. बिघडतं कुठं, तर बांधण्यात. आत कापूस न घालता करकचून आवळलं की खालचा भाग थंड पडतो, खूर काळं पडतं आणि पाय सडतो. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधणीत यायला हवेत, हे बरेच वैद्य करत नाहीत. दुसऱ्या दिवशी खुराजवळ हात लावून बघा, थंड किंवा सुजलेलं असेल तर लगेच सोडा.

हाड बाहेर आलं असेल किंवा मोड मांडीत, दंडात असेल तर कामट्यांचा नाद सोडा, तिथं भोवती एवढं मांस आहे की बाहेरून बांधून आत काही स्थिर होत नाही. आणि एक, अडलेली गाय सोडवताना चार जण मिळून दोरी ओढतात त्यात वासराची नळी मोडते, असं वासरू दर हंगामात येतं माझ्याकडं.

साक्रीचा_शेळीवाला
कापसाचं लक्षात ठेवतो. कापूस तर आपल्याकडं घरोघरी पडलाय, भाव नाही म्हणून.

शहादेकर
कापसाचा भाव काढला म्हणजे आता धागा संपला समजा, पुढची सगळी चर्चा त्यावरच.

संपादक_मंडळ
भावावर वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं हाडं.

धुळ्याची_माई
आमच्याकडं पोळ्याला शिंगं साळून, रंगवून, गोंडे लावतात. शिंग हाड आहे का नख? एकदा आमच्या गोऱ्ह्याचं शिंग मोडलं तर नाकातून रक्त आलं, सासूबाई घाबरल्या, डोक्याला मार बसला म्हणाल्या. तेव्हापासून प्रश्न आहे.

गोठा_डॉक्टर
दोन्ही आहे माई. बाहेरचं टोपण नखाच्या जातीचं, आत कपाळाच्या हाडाचा वाढलेला कोंब. मोठ्या जनावरात तो कोंब आतून पोकळ असतो आणि ती पोकळी कपाळातल्या नाकाशी जोडलेल्या पोकळीला मिळते, म्हणून बुडातून शिंग मोडलं की नाकातून रक्त येतं. मेंदूला मार लागलाच असं नाही. जखम झाका, माशी बसू देऊ नका आणि डॉक्टर बोलवा.

साळण्याबद्दल सांगतो, फार खोल साळू नका. देशी बैलांत शिंगाचा कॅन्सर होतो, बहुतेक वेळा एकाच शिंगाला. बैल सारखं डोकं झटकतो, शिंग घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ स्राव येतो, शिंग वाकडं लोंबायला लागतं. लवकर सापडलं तर शिंग कापून बैल वाचतो.

यावलचा_केळीवाला
डागाच्या वादात हरलो तर हरलो पण एक गोष्ट आमच्या आजोबांची खरी होती का सांगा. ते म्हणायचे गोऱ्हा लवकर बडवला (खच्ची केला) तर उंच होतो, उशिरा बडवला तर मान-खांदा भरतो. जुंपायला म्हणून ते दोनदाती झाल्यावरच बडवायचे.

गोठा_डॉक्टर
आजोबांना यावेळी पूर्ण मार्क. लांब हाडांच्या टोकाशी कुर्चेचा वाढीचा थर असतो, वयात येताना हार्मोनमुळं तो बंद होतो आणि हाडाची लांबी थांबते. लवकर खच्ची केलं की तो उशिरा बंद होतो, पाय लांब होतात. उशिरा केलं तर मान, वशिंड, खांदा तयार झालेला असतो. फक्त दगडानं बडवणं सोडा आता, भूल देऊन चिमट्यानं एका मिनिटाचं काम आहे.

सावद्याचा_बाजारकर
वशिंडात हाड असतं का हो डॉक्टर? माझ्याकडं एका गिऱ्हाईकानं पैज लावली होती की असतं.

गोठा_डॉक्टर
नसतं, स्नायू आणि चरबी. पैज जिंका. खाली पाठीच्या मणक्यांची उंच टोकं असतात, गिऱ्हाईकाच्या हाताला ती लागली असतील. त्याहून भारी म्हणजे बैलाला गळ्याजवळचं ते आडवं हाड नसतं जे आपल्या खांद्याला छातीशी जोडतं. पुढचा पाय धडाला हाडानं कुठंच जोडलेला नाही, सगळं धड दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या हाडांच्या, मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेलं. शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर, वर जुवाचा भार. जू सारखं एकीकडं कललं, जोडी उंचीनं विजोड असली की खांदा येतो, म्हणजे सुजतो, तो उगाच नाही.

दूधवाला_एरंडोल
फऱ्यावरून आठवलं, फऱ्या रोगात फऱ्याचं हाड मोडतं असं आमच्याकडं समजतात.

गोठा_डॉक्टर
नाही, तो जंतूचा रोग, मांसात होतो. फऱ्यावर किंवा मांडीवर सूज, दाबली की चरचर वाजते, जोराचा ताप, आणि धडधाकट तरुण जनावर एक-दोन दिवसांत जातं. चरचर ऐकून हाड मोडलं समजतात आणि तेल चोळत बसतात, तेवढ्यात वेळ जाते. पावसाळ्याआधी लस घ्या.

तापीकाठचा
मंडळी धागा कुठल्या कुठं गेला, वाचत होतो, पोरीला काळजातलं हाड फार आवडलं, शाळेत सांगून आली, सरांनी विश्वास ठेवला नाही म्हणे.

तर बैल. आमच्या भागातले डॉक्टर आले होते. चालवून पाहिला, मागं रेटून पाय ताणायला लावला, वाटी वर अडकलेली हाताला लागली, मलाही लावून दाखवली. बैल आडवा पाडून पाय बांधून भूल दिली आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला बारीक चीर घेऊन तो आतला पट्टा तोडला. चहा उकळेपर्यंत काम झालं. उठवला तर पहिल्या पावलापासून पाय वाकला! नाना स्वतः उभे होते, काही बोलले नाहीत, तंबाखू मळत निघून गेले.

आता विचारायचं असं की पट्टाच तोडला तर पुढं गुडघा सैल नाही ना पडणार, औत ओढेल का, आणि जुंपायचा कधी? दुसऱ्या पायालाही होतं का?

गोठा_डॉक्टर
उत्तम झालं. उरलेले दोन पट्टे वाटी धरून ठेवतात, औताचे बैल या ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं काम करतात. जखम कोरडी ठेवा, खाली चिखल-शेण नको, माशीचं औषध लावा. पहिले काही दिवस गोठ्यातच, मग रोज थोडं मोकळं चालवणं. दोन-तीन आठवडे जुंपू नका, नंतर हलकी गाडी, मग औत, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवून मगच जुंपा. दुसऱ्या पायाला होऊ शकतं, मागचे पाय जरा सरळ खांबट असलेल्या जनावरांत जास्त होतं आणि ते घराण्यातून येतं. याची आई तुमच्याकडंच आहे का? तिच्या पुढच्या गोऱ्ह्यांवर लक्ष ठेवा आणि त्यातला वळू म्हणून ठेवू नका. गोठ्यात फरशी गुळगुळीत असेल तर खडबडीत करून घ्या.

तापीकाठचा
आई पाहुण्यांकडं आहे, सांगतो त्यांना. पण दोन-तीन आठवडे म्हणजे दादरीची ओल जाणार की. ट्रॅक्टरवाला म्हणतो आधी नंबर लावलेल्यांचं, मग तुमचं.

लासूरचा_सालदार
दादा मी नुसता वाचणारा, पहिल्यांदा लिहितोय. आमच्या मालकाची जोडी सोमवारनंतर रिकामी आहे, तिफणीसकट. मालकाला विचारलं, हो म्हणाले. सावडीनं करू, तुमची जोडी बरी झाली की आमच्या हरभऱ्याला या.

तापीकाठचा
भाऊ मंगळवारी येतो घ्यायला. मेसेज केलाय, नंबर पाठवा.

अहिराणी_भो
बैलेसले पेंड कोन खावाडी ते आतेच ठरावा, नंतर झगडा नको.

लासूरचा_सालदार
पेंड तुमची, वैरण आमची.